अश्वाचा 'दम' : मेहनतीने घोड्याच्या शरीरात काय पालटते ?

पशुवैद्यक महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या एका स्नेह्यांनी काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे पारिभाषिक शब्दांची एक यादी तपासण्यासाठी पाठविली. यादी अश्वाच्या शरीरक्रियाविज्ञानाची होती, आणि तिच्या आरंभीच 'ट्रेनिंग' या इंग्रजी शब्दापुढे 'शिक्षण' असा प्रतिशब्द योजिला होता. तो ठेवावा की खोडावा, एवढ्याच प्रश्नातून हे टिपण निघाले आहे. प्रश्न वरवर पाहता शब्दाचा. परंतु त्याचा निर्णय करावयाचा म्हणून घोड्याचे हृदय, रक्त, हाड आणि कंडरा यांविषयीचे वाङ्मय चाळावे लागले. त्या वाचनात असे दिसून आले की, या क्षेत्रातील एक फार जुना शब्द आपल्याला सतत चकवीत आला आहे आणि त्या चकव्याची किंमत घोडा आपल्या पायांनी चुकवितो.

प्रथम 'शिक्षण' या शब्दाविषयी. माणूस घोड्यावर दोन निराळे संस्कार करतो. लगामाची ओढ ओळखणे, खोगीर सोसणे, स्वाराच्या टाचेचा अर्थ जाणणे, सांगितलेली चाल धरून ठेवणे, हे सारे घोड्याच्या बुद्धीवरील संस्कार होत. ते काम चाबूकस्वाराचे. दुसरा संस्कार रक्तमांसावरचा आहे. महिनोन् महिने ठराविक क्रमाने श्रम देऊन त्याचे शरीर अधिक श्रम सोसण्याजोगे करावयाचे, यात घोडा काही शिकत नाही; तो बदलतो. इंग्रजीत या दोहोंस एकच शब्द चालतो. मराठीत तालमीच्या भाषेने दुसऱ्या संस्कारासाठी एक नेमका शब्द राखून ठेविला आहे, तो म्हणजे 'कमावणे'. पैलवानाचे शरीर कमावलेले असते, आणि चांभाराघरचे कातडेही कमावलेले असते. दोन्ही ठिकाणी द्रव्य तेच राहून त्याचा गुण पालटतो, आणि तो पालटावयास वेळ द्यावा लागतो. म्हणून 'शिक्षण' खोडून आम्ही तेथे 'कमावणे' लिहिले. पुढील विवेचन केवळ या दुसऱ्या संस्काराचे आहे.

या कामाचा सर्वांत जुना उपलब्ध लेख भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित असतो, परंतु तो निराळ्या कारणासाठी. आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, म्हणजे हित्ती राजधानी हत्तुशाच्या अवशेषांत, विसाव्या शतकाच्या आरंभी मातीच्या ज्या इष्टिका सापडल्या, त्यांत मितन्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वपालाने सांगितलेला घोडे कमावण्याचा दिनक्रम आहे. लेखाची भाषा हित्ती. परंतु फेऱ्या मोजण्याचे शब्द ऐकू येतात ते असे : 'ऐकवर्तन्न', 'तेरवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न', 'नवर्तन्न'. एक, त्रि, पञ्च, सप्त, नव, आणि त्यांपुढे 'वर्तन', म्हणजे वळण किंवा फेरा. 'ऐक' हे रूप इराणी शाखेचे नव्हे, भारतीय आर्य शाखेचे. 'नवर्तन्न' या रूपात 'नववर्तन' मधील एका 'व'चा समाक्षरलोप झाला आहे. आणि 'सत्त' या रूपाने प्राकृताची आठवण व्हावी हे स्वाभाविक असले तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. हे सर्व आपण वर्गात शिकवितो. आनेलीझ कामेनहूबर यांची या लेखांची साक्षेपी आवृत्ती १९६१ साली प्रसिद्ध झाली आणि अभ्यासकांचे लक्ष बहुतांशी या पाच शब्दांवरच खिळून राहिले. किक्कुली सांगत होता काय, याकडे भाषाशास्त्रज्ञांनी फारसे पाहिले नाही, हे आपल्या व्यवसायाचे एक व्यंगच म्हणावे लागेल.

तो सांगत होता तो क्रम अनेक महिने चालणारा आहे. कोणत्या दिवशी घोड्यास किती अंतर चालवावयाचे, किती धाववावयाचे, केव्हा धुवावयाचे, केव्हा झूल घालावयाची, केव्हा चारा रोखावयाचा, हे दिवसागणिक दिले आहे. काही फेऱ्या रात्रीच्याही आहेत. यातील एक बारकावा लक्षणीय आहे. संथ चालीचे अंतर तो मोठ्या एककाने सांगतो आणि भरधाव धावेचे अंतर लहान एककाने. म्हणजे धाव आहे, परंतु ती थोडकी आहे. या बारकाव्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

आता तो चकविणारा शब्द. घोडा 'दमदार' आहे, त्याला 'दम' आहे, त्याचा 'दम' वाढला, असे आपण म्हणतो. मराठीत दोन 'दम' शेजारी नांदतात. एक संस्कृत, 'शम-दम' या जोडीतला. त्याचा अर्थ निग्रह, वश करणे. लॅटिनमधील 'दोमारे' आणि इंग्रजीतील 'टेम' हे त्याचे आप्त होत, आणि जनावर माणसाळविणे हाच त्यांचा अर्थ. दुसरा 'दम' फारसी. त्याचा अर्थ श्वास. फुंकण्याच्या अर्थाच्या इराणी धातूपासून तो निघाला आणि संस्कृतातील 'धम्' हा धातू त्याचा सगोत्र आहे. घोड्याच्या ताकदीविषयी आपण बोलतो तेव्हा हा दुसरा दम आपल्या मनात असतो. केवळ आपल्याच नव्हे. इंग्रज अश्वव्यापारीही घोडा विकताना तो 'वाऱ्याने आणि अवयवांनी' निर्दोष असल्याची ग्वाही देत असत, आणि तेथे 'वारा' म्हणजे श्वासच. सर्वांची समजूत एकच की, मेहनतीने घोड्याचा श्वास वाढतो, म्हणजे त्याची फुप्फुसे बळावतात.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. मेहनतीने अश्वशरीरात जे जे पालटते त्यात फुप्फुसाचा समावेश जवळजवळ नाही. घोडा चौखूर धावू लागला म्हणजे त्याचा श्वास पावलांशी जखडला जातो. प्रत्येक टापेच्या चक्रास एक श्वास, न कमी न अधिक. पुढचे पाय पुढे फेकले जातात तेव्हा हवा आत येते आणि त्यांवर भार पडतो तेव्हा ती बाहेर जाते. त्यातून घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. सारी हवा नाकपुड्यांतूनच जावयाची. भरधाव धावणाऱ्या घोड्याच्या फुप्फुसांतून दर मिनिटाला दीड हजार लिटरांहून अधिक हवा ये-जा करते, आणि तरीही ती पुरत नाही. पूर्ण वेगात असताना त्याच्या रोहिणीतील रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण घटलेले आढळते. माणसांत ही स्थिती काही थोड्या असामान्य धावपटूंतच दिसते. कमावलेल्या घोड्यात ही घट कमी होत नाही, उलट काहीशी वाढण्याचा संभव असतो. कारण हृदय अधिक रक्त अधिक वेगाने ढकलू लागते आणि फुप्फुसातून जाताना त्या रक्तास हवेशी गाठ घालण्यास वेळ कमी मिळतो. रक्ताचा हा दाब फुप्फुसातील सूक्ष्म केशवाहिन्यांस सोसवत नाही. शर्यतीनंतर श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहिले असता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक घोड्यांत रक्ताचे अंश सापडतात ते यामुळेच. सारांश, फुप्फुस ही या यंत्रातील न वाढणारी वाट आहे. निसर्गाने दिली तेवढीच ती रुंद.

मग दम वाढतो असे आपण पाहतो, ते काय ? पाहण्यात चूक नाही, ठिकाणात चूक आहे.

घोड्याची श्रमशक्ती मोजण्याचे प्रमाण म्हणजे एका मिनिटात शरीराच्या दर किलोग्रॅममागे तो अधिकाधिक किती ऑक्सिजन वापरू शकतो हे होय. उत्कृष्ट मानवी धावपटूत हा आकडा ८० ते ९० मिलिलिटरांच्या आसपास थांबतो. तयार थरोब्रेड घोड्यात तो १५० मिलिलिटरांच्या घरात किंवा त्याही पुढे जातो. अशा मोजण्यांस घोड्यास एकाच ठिकाणी चालविणारा फिरता पट्टा लागतो. बर्लिन येथे त्सुंट्स आणि हागेमान यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या प्रकारचे होत. पुढे स्वीडनमध्ये सूने पेर्सॉन यांनी १९६७ साली रक्ताचे आकारमान व श्रमशक्ती यांचा संबंध दाखवून या शास्त्रास आधुनिक वळण दिले. काही महिन्यांच्या मेहनतीने हा ऑक्सिजनाचा आकडा साधारणतः शेकडा १० ते २० ने वाढतो, कधी त्याहूनही अधिक.

वाढ घडते ती प्रथम रक्तात. मेहनत सुरू झाल्यापासून पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तद्रव वाढतो. तांबड्या पेशींच्या बाबतीत घोड्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. विश्रांतीच्या वेळी त्याच्या तांबड्या पेशींपैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक पेशी प्लीहेत, म्हणजे आपल्या बोलीतील पानथरीत, साठविलेल्या असतात. श्रमास आरंभ होताच, किंबहुना नुसत्या उत्तेजनानेही, प्लीहा आवळली जाते आणि हा साठा रक्तात येतो. उभ्या घोड्याच्या रक्तात पेशींचे प्रमाण शेकडा ४० च्या आत-बाहेर असते, ते धावेत ६० च्या वर जाते. माणसाचे रक्त इतके दाट झाले तर वैद्य घाबरून जाईल. घोडा मात्र गरजेपुरते रक्त दाट करतो आणि काम संपताच ते पुन्हा पातळ करून घेतो. प्लीहा काढून टाकलेल्या घोड्यांची श्रमशक्ती घटते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. मेहनतीने एकूण पेशींची संख्याही वाढते, परंतु तिला महिने लागतात.

हृदयाचे गणित याहून सरळ आहे. विश्रांतीत मिनिटास ३० ते ४० ठोके देणारे हे हृदय धावेत २२० ते २४० पर्यंत जाते, आणि ही वरची मर्यादा मेहनतीने तसूभरही हलत नाही. पालटते ते एका ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त. डावी जवनिका मोठी होते, तिची भिंत जाड होते, आणि त्याच वेगाच्या धावेस पूर्वीपेक्षा कमी ठोके पुरतात. असामान्य हृदयांच्या कथा अश्वप्रेमी मंडळींत फार. १७८९ साली मेलेल्या इक्लिप्स या इंग्रज घोड्याचे हृदय १४ पौंड भरले असे नमूद आहे. १९३२ साली मेलेल्या फार लॅप या घोड्याचे सहा किलोग्रॅमहून अधिक वजनाचे हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेविलेले आहे. अमेरिकेतील सेक्रेटेरिअट याच्या हृदयाचा २२ पौंडांचा आकडा मात्र केवळ अंदाजाचा आहे. १९८९ साली ते हृदय कोणी तोलले नाही. तो आकडा इतक्या वेळा छापला गेला आहे की, हा भेद नोंदविणे अवश्य वाटते.

तिसरा पालट स्नायूंत. पेशींतील तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून शक्ती निर्माण करणारे सूक्ष्म भाग, काही आठवड्यांत वाढू लागतात. केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. अतिवेगवान परंतु लवकर थकणाऱ्या तंतूंपैकी काही तंतू वेग राखून अधिक टिकाऊ बनतात. येथे घोडे राखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे एक वैगुण्य आहे. श्रमाने स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा रिता झाला म्हणजे माणसात तो योग्य आहाराने साधारण दिवसभरात भरून येतो. घोड्यास दोन ते तीन दिवस लागतात. रोज कसून धाववलेला घोडा 'आळशी' झाला असे वाटते तेव्हा पुष्कळदा तो केवळ रिता असतो.

तर 'दम' वसतो तो रक्तात, हृदयात आणि स्नायूंत. गंमत अशी की, रक्त वाहून नेणाऱ्या नलिकेस आपण ज्या शब्दाने ओळखतो तो 'धमनी' हा शब्द 'दम'चाच सगोत्र आहे. तोही फुंकण्याच्या धातूतून आलेला. भाषेने चुकून का होईना, योग्य पत्ता एका ठिकाणी लिहून ठेविला होता.

आतापर्यंतचे सर्व पालट घोड्याच्या हिताचे, आणि ते बरेच त्वरेने घडणारे. धोका येथूनच सुरू होतो. सहा-आठ आठवड्यांच्या मेहनतीनंतर तरुण घोडा धावून येतो, त्याच्या नाकपुड्या लवकर शांत होतात, छातीचा भाता लवकर थांबतो. ट्रेनर म्हणतो, दम भरला. आणि तो वेग वाढवितो. परंतु याच सुमारास त्या घोड्याची हाडे कोणत्या अवस्थेत असतात ?

हाड हे दगडासारखे अचल द्रव्य नव्हे. भार पडेल त्याप्रमाणे ते स्वतःची रचना बदलते, परंतु बदलण्याची त्याची रीत पाडून बांधण्याची आहे. जुना भाग प्रथम शोषला जातो, तेथे सूक्ष्म पोकळी राहते, आणि मग तीत नवे हाड भरते. शोषण आठवड्यांत उरकते, भरणीस महिने लागतात. म्हणजे मेहनतीच्या आरंभीच्या काळात हाड काही दिवस पूर्वीपेक्षा दुबळे झालेले असते. त्यातून शर्यतीचा तरुण घोडा कुरणातून काढून तबेल्यात आणलेला असतो. मोकळे बागडणे थांबल्याने त्याच्या हाडांतील खनिज घटत असते, हेही मोजून पाहिले गेले आहे. नेमक्या त्याच वेळी रक्त आणि हृदय त्यास अधिक वेगाने धावण्याची मुभा देतात. पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाची पुढची बाजू दुखावणे, ही दोन वर्षांच्या शर्यतीच्या घोड्यांची सर्वत्र आढळणारी व्यथा या विषम गतीतून जन्मते. तीतून पुढे हाडास चीर जाते, आणि चीर असतानाच धाव चालू राहिली तर पाय मोडतो. पाय मोडलेल्या घोड्यास पुष्कळदा मैदानाच्या कडेलाच मरण द्यावे लागते, हे वेगळे सांगावयास नको.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड न्यूनामेकर यांनी या व्यथेचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, दोष वेगात नसून वेगाच्या अभावात आहे. लांबलांब अंतरे संथ धाववून घोडा तयार करण्याची जी रूढ पद्धत, तीत हाडावर पडणारा भार शर्यतीतील भारापेक्षा निराळ्या दिशेचा असतो; हाड त्या भारास अनुरूप घडते आणि शर्यतीच्या दिवशी अनोळखी भारापुढे उघडे पडते. उलट, अगदी थोडे अंतर परंतु शर्यतीच्या जवळपासच्या वेगाने, आणि तेही आरंभापासून वारंवार दिले असता हाड योग्य दिशेने जाड होते. हाडास जाग येण्यास थोडी पावले पुरतात. त्यापुढील पावले केवळ झीज वाढवितात. दमासाठी लांब अंतर लागते, हाडासाठी थोडके आणि वेगवान. एकाच घोड्याच्या दोन अवयवांची मागणी अशी भिन्न आहे, आणि 'दम' या एका शब्दात ती दोन्ही बसत नाहीत.

किक्कुलीच्या लहान एककाची येथे आठवण होते. मोठे अंतर संथ, शेवटी थोडकी धाव, आणि हा क्रम अनेक महिने. अर्थात त्याचे घोडे रथाचे होते, शर्यतीचे नव्हते, आणि हाडाच्या अंतर्रचनेचे ज्ञान त्यास होते असे मानण्यास काहीच आधार नाही. एखाद्या प्राचीन ग्रंथात आधुनिक शास्त्र वाचण्याचा मोह आपल्याकडे फार बळावला आहे, म्हणून हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. अनेक पिढ्यांच्या मेलेल्या आणि लंगड्या झालेल्या घोड्यांनी शिकविलेला हा क्रम असावा, इतकेच म्हणता येईल.

कंडरेची गोष्ट हाडाहूनही कठीण. पुढच्या पायाच्या मागील अंगाने खुराकडे जाणारी कंडरा ही धावेत ताणल्या जाणाऱ्या आणि पुन्हा आखडणाऱ्या स्प्रिंगप्रमाणे काम करते. घोड्याची धाव इतकी काटकसरीची होते ती या ताणात साठणाऱ्या व परत मिळणाऱ्या ऊर्जेमुळे. परंतु ही काटकसर निसर्गाने फार बारीक हिशेबाने केली आहे. चौखूर धावेत ही कंडरा तिच्या तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी निकट ताणली जाते. ताणातील थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कंडरेतच उरते, आणि तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. इतक्या उष्णतेत पेशी कशा जगतात, हाच एक प्रश्न आहे. शिंगरू वाढत असते तोवर कंडरा श्रमास प्रतिसाद देते. वाढ पुरी झाल्यावर मेहनतीने ती जवळजवळ बळावतच नाही, उलट वर्षानुवर्षे तिच्यात सूक्ष्म झीज साठत जाते. दुखावलेली कंडरा भरून येण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो, आणि भरते ती व्रणाने. मूळची लवचिकता परत येत नाही.

घामाविषयी येथे एवढेच. स्नायूंनी खर्चिलेल्या ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग उष्णता होतो, आणि घोडा ती मुख्यतः घामाने घालवितो. त्याचा घाम माणसाच्या घामाहून फार खारट, म्हणून पाण्याबरोबर मीठही भरून द्यावे लागते. उष्ण हवेची सवय दोन-तीन आठवड्यांत होते.

मेहनत थांबल्यानंतरचा क्रमही असाच विषम आहे. घोड्याची ऑक्सिजन वापरण्याची शक्ती कित्येक आठवडे टिकून राहते. या बाबतीत तो माणसापेक्षा भाग्यवान. परंतु विसाव्यात हाड पुन्हा शोषणाकडे वळते. दुखण्यातून उठलेला घोडा दोन महिन्यांनी मैदानावर येतो तेव्हा त्याचा दम जुन्या दिवसांची साक्ष देत असतो आणि त्याचे हाड नव्याने कच्चे असते. पुनरागमनानंतरच्या आठवड्यांत मोठे अस्थिभंग होण्याचे भय अधिक असते, ते यामुळे.

यादी परत पाठविताना 'विंड' या शब्दापुढे 'दम' राहू दिला. रूढ शब्द मोडण्यात अर्थ नसतो. त्याखाली मात्र 'रक्त, हृदय व स्नायू यांची श्रमशक्ती. फुप्फुसाची नव्हे' अशी टीप जोडली. 'फिट' या शब्दापुढे स्नेह्यांनी 'तयार' असे लिहिले होते. तेथे समासात आम्ही प्रश्नचिन्ह केले आणि 'कोणता अवयव ?' एवढेच लिहिले. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.